सातवी ओळ

आमच्या गावात घरं पाटीच्या दगडाची,
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडगीसुद्धा.
खाणीतला टाकाऊ चुरा घरांच्या मागे
घरांहून उंच.
वेल्सच्या त्या कोपऱ्यात, रिद-लासमध्ये,
ज्याला हात असत तो खाणीत जाई.
एलेरीला हात होते,
पण ते तिचं ऐकत नसत.
आपल्या मर्जीने उठत, कप पाडत,
आईच्या गालावर बसत,
आणि आई म्हणे, आज वारा फार सुटलाय.

डॉक्टर इंग्रजीत म्हणाला, हिला काही कळत नाही.
आईला इंग्रजी कळत नव्हतं.
बरं झालं.

बाप दगड चिरायचा.
निम्मा, निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा,
छिन्नी नेमकी बसली
की दगड पुस्तकासारखा उघडायचा.
रविवारी प्रार्थनेनंतर
(पाप होतं ते, पण दार लावून)
तो एक ठोकळा तिच्यासमोर चिरायचा.
मी पाटीवर अक्षरांच्या ओळी आखल्या होत्या,
बोट फिरवायचो,
हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची.
नऊ वर्षांची असताना पहिला प्रश्न असा आला,
अर्धा तास लागला त्याला:
किती वेळा?
बाप म्हणाला, दगड संपेपर्यंत.
तिने डोळे मिटले नाहीत.
म्हणजे, पटलं नाही.

खाणकामगारांच्या वाचनालयात एक गणिताचं पुस्तक होतं,
पहिली वीस पानं कुणीतरी चिलमीसाठी फाडलेलं.
ती एकविसाव्या पानापासून सुरू झाली
आणि मागची वीस
स्वतःच रचत गेली.
पुढे कधीतरी अख्खी प्रत मिळाली तेव्हा
तिने ती पानं वाचून घेतली, आणि
ह, ळ, ह, ळू,
एवढंच म्हणाली.
म्हणजे पुस्तकवाला फार हळू चालतो.

आमच्या भाषेत अठराला दोन-नऊ म्हणतात,
सोळाला पंधरावर-एक.
मला शाळेत याची लाज वाटायची.
तिला वाटायचं,
आमची आजी बाजारात अंडी मोजते
तेव्हाही सिद्धताच मांडत असते.

मी तिचा हात होतो, सहा वर्षं.
मला त्यातलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगतो.
चिन्हांची एक वेगळी पाटी होती,
तिच्यावर अधिक आणि वजा शेजारी-शेजारी.
ही माझीच आखणी.

त्या शनिवारी खाली मैदानात
डोलविनशी सामना होता.
मी चौदा वर्षांचा, पायात बूट घातलेले,
बोट पळवत होतो.
तिने डोळे मिटले.
मी लिहिलं.
तिने डोळे टक्क उघडे ठेवले,
माझ्याकडे, फार वेळ.
मला वाटलं, दमली असेल.

तेवीस पानं लिव्हरपूलला गेली.
पाच आठवड्यांनी उत्तर आलं, सभ्य, टंकलिखित:
कल्पना विलक्षण आहे,
परंतु सातव्या ओळीत चिन्ह चुकले आहे,
सबब पुढील सर्व व्यर्थ.
पाद्रीबुवांनी ते आईला समजावून सांगितलं.
आई म्हणाली, चुकतं माणूस.
बापाने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

एलेरी माझ्याकडे बघत होती.
मी चुलीकडे.
सामना आम्ही तीन-शून्यने हरलो होतो,
तेही आठवलं उगाच.

रात्री मी पाटी घेऊन बसलो.
म्हटलं, सांग त्यांना.
तिने डोळे मिटले नाहीत.
मग मी बोट फिरवू लागलो, आणि ती थांबवत गेली,
पु, न्हा, लि, हू.

आम्ही पुन्हा लिहिलं.
ते छापून आलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती,
आणि थंडीत छाती भरून गेली तेव्हा
पुरती बत्तीसचीही नव्हती.

मी खाणीत गेलो नाही. हिशेबनीस झालो,
बंगोरच्या एका लोणी-कंपनीत, अडतीस वर्षं.
लोक म्हणत, हा आकडे भरभर लिहितो
आणि वजाच्या चिन्हापाशी
काय करतो कुणास ठाऊक,
थांबतो,
वर बघतो,
जणू कुणी डोळे मिटण्याची वाट बघतोय.